तारांवरचे शब्द : क्लासिकल गिटारच्या परिभाषेची प्रस्तावना

क्लासिकल गिटारच्या छापील पानावर अनेक भाषा शेजारी शेजारी नांदतात. फ्रान्सिस्को तारेगा यांची ‘लाग्रिमा’ ही छोटीशी रचना पाहावी. लाग्रिमा हा स्पॅनिश शब्द, अर्थ अश्रू. वर लयीसाठी ‘आंदान्ते’ हा इटालियन शब्द असतो. स्वरांच्या बाजूला पी, आय, एम, ए ही बारीक अक्षरे येतात. ती उजव्या हाताच्या बोटांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरे. १ ते ४ हे आकडे डाव्या हाताच्या बोटांचे, वर्तुळातले आकडे तारांचे, रोमन आकडे पडद्यांचे. पहिला भाग ई मेजरमध्ये आहे, दुसरा ई मायनरमध्ये, आणि दुसरा संपला की ‘दा कापो’, म्हणजे ‘डोक्यापासून’, अर्थात पुन्हा आरंभापासून वाजवण्याची सूचना. शिक्षक समोर बसलेले असतील तर त्यांच्या तोंडी एक फ्रेंच शब्दही येतो: ‘बारे’, म्हणजे एकच बोट आडवे टाकून अनेक तारा दाबणे. हे सगळे एवढ्याशा रचनेत, आणि तीही सुरुवातीच्या काही वर्षांतच विद्यार्थ्याच्या हाती येणारी.

यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. अडचण अर्थ सापडल्यानंतर सुरू होते. आंदान्ते म्हणजे ‘चालत’ हे पाठ झाले, तरी कोणाच्या चालीने, हा प्रश्न उरतोच. आंदान्तिनो हे त्याच शब्दाचे लघुरूप. ते आंदान्तेपेक्षा जलद की संथ, यावर जुन्या संगीतकारांतच एकमत नव्हते. परिभाषेतल्या शब्दाला तीन थर असतात: ज्या भाषेतून तो आला तिथला साधा अर्थ, युरोपीय संगीतात त्याला मिळालेला अर्थ, आणि गिटारच्या सहा तारांवर त्याचा होणारा अर्थ. विद्यार्थी बहुधा मधला थर पाठ करतो. परीक्षेत तेवढ्यावर भागते, वाजवताना भागत नाही.

दोन शब्द शेजारी ठेवले की हे चटकन लक्षात येते. इटालियन ‘आपोज्यातुरा’ आणि स्पॅनिश ‘आपोयांदो’ या दोन्हींच्या मुळाशी टेकण्याची क्रिया आहे. आपोज्यातुरा हा अलंकार: मुख्य स्वराआधी शेजारचा स्वर येतो, त्याच्यावर भार टाकतो आणि मग त्यात विसावतो. इथे टेकतो तो स्वर. आपोयांदो हा उजव्या हाताचा आघात: बोट तार छेडून पुढे जाते आणि लगतच्या जाड तारेवर टेकून थांबते. इथे टेकते ते बोट. स्वर त्यामुळे भरीव, गोल निघतो. आपोयांदोचा जोडीदार ‘तिरांदो’, म्हणजे ‘ओढत’: बोट तार छेडून शेजारच्या तारेला न शिवता तळव्याकडे वळते. ‘टेकणे’ आणि ‘ओढणे’ हे मूळ अर्थ ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला बोटाची हालचाल निराळी समजावून सांगावी लागत नाही, शब्दच ती सांगतो. गिटारच्या खास शब्दांपैकी पुष्कळसे असे हातातून जन्मलेले आहेत आणि त्यांचा खरा अर्थ हातातच उमगतो. प्रस्तुत कोशाची सगळी मांडणी या जाणिवेवर उभी आहे.

वाद्याचे नावही स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. ‘शास्त्रीय गिटार’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राग वाजवणारे वादक येतात: मांडीवर आडवी गिटार, पोलादी तारा, त्यांवरून सरकणारी धातूची कांडी. ब्रिजभूषण काबरा, विश्वमोहन भट यांनी घडवलेली ती परंपरा आपल्या जागी थोर आहे, पण या कोशाचा विषय ती नाही. इथे क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या सहा तारांची, रुंद पट्टीची, डाव्या मांडीवर तिरकी धरून बोटांनी आणि नखांनी वाजवायची स्पॅनिश घडणीची गिटार. तिचे आजचे रूप मुख्यतः आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने ठरवले. तारेची ६५० मिलिमीटर ही आज रूढ असलेली लांबीही त्यांच्या वाद्यांवरूनच पक्की झाली. या वाद्यासाठी ‘क्लासिकल गिटार’ हेच नाव मराठीत वापरात आहे आणि कोशातही तेच ठेवले आहे.

परिभाषेचा इतिहास वाद्याच्या या रूपापेक्षा तीन शतकांनी जुना आहे. १५३६ मध्ये वालेन्सियात लुईस दे मिलान यांचे ‘एल माएस्त्रो’ हे विवेला या वाद्याचे पुस्तक छापले गेले. विवेला ही गिटारची थोरली बहीण म्हणता येईल: तशाच आकाराची, पण जोडतारांची. मिलान यांनी आपल्या रचना किती जलद, किती सावकाश वाजवाव्यात हे शब्दांत लिहून ठेवले. छापील संगीतातल्या लयीच्या सर्वांत जुन्या सूचनांत त्यांची गणना होते. काही रचनांत तर एकच एक लय त्यांना नको होती. स्वरांचे उभे गुच्छ संथ घ्यावेत आणि धावत्या ताना जलद, असे त्यांनी सांगितले. लवचीक लयीचा विचार युरोपात फार उशिरा आला असे मानणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावे.

मिलान यांची स्वरलिपी म्हणजे टॅब्लेचर. सहा रेघा म्हणजे सहा जोडतारा, रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा, आणि वर स्वरांची लांबी दाखवणाऱ्या खुणा. त्या काळच्या इतर स्पॅनिश पुस्तकांत सर्वांत वरची रेघ जाड तारेची असे. मिलान यांनी ती बारीक तारेला दिली. आज इंटरनेटवर मिळणाऱ्या ‘टॅब’ची मांडणी नेमकी हीच आहे. टॅब ही आळशी मुलांसाठी अलीकडे निघालेली पळवाट आहे, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. फरक इतकाच की मिलान यांनी लांबीच्या खुणा दिल्या होत्या, आणि आजच्या पुष्कळ टॅबमध्ये त्या नसतात. बोट कुठे ठेवायचे ते कळते. स्वर किती वेळ गुंजू द्यायचा ते कळत नाही.

दहा वर्षांनी, १५४६ मध्ये, सेव्हियात आलोन्सो मुदार्रा यांचे पुस्तक निघाले. त्यात त्या काळच्या चार जोडतारांच्या गिटारसाठीही रचना आहेत. गिटारचे छापील संगीत सुरू होते ते इथून. मुदार्रा यांनी रचनांवर उजव्या हाताच्या दोन पद्धतींची संक्षिप्त रूपे घातली. एक ‘देदियो’: एकाच तर्जनीने तार आत-बाहेर छेडणे. दुसरी ‘दोस देदोस’: दोन बोटे आळीपाळीने. सतार शिकलेल्या मराठी माणसाला देदियो समजावून सांगावा लागणार नाही. मिजराब घातलेल्या तर्जनीचे ‘दा’ आणि ‘रा’ हीच ती हालचाल. दोन परंपरांचा इथे काही संबंध नाही, तरी हात सारखेच विचार करतात.

सतराव्या शतकात पाच जोडतारांची गिटार आली आणि तिच्याबरोबर दोन घराणी स्पष्ट झाली: ‘रास्गेआदो’ म्हणजे सगळ्या तारांवरून बोटे फिरवून साथ करणे आणि ‘पुंतेआदो’ म्हणजे एकेक स्वर वेचून वाजवणे. साथीसाठी इटलीत ‘आल्फाबेतो’ निघाला. १६०६ मध्ये फ्लॉरेन्सला जिरोलामो मोन्तेसार्दो यांनी तो प्रथम छापला. प्रत्येक कॉर्डला एक अक्षर. पण अक्षराचा स्वराच्या नावाशी संबंध नाही. आल्फाबेतोतला ‘ए’ म्हणजे जी मेजर, ‘बी’ म्हणजे सी मेजर, ‘सी’ म्हणजे डी मेजर. आजचा विद्यार्थी जुनी प्रत उघडून सरळ वाचू लागला तर पहिल्या ओळीतच घसरेल. १६७४ मध्ये सारागोसात गास्पार सान्स यांचे स्पॅनिश गिटारचे मार्गदर्शक पुस्तक आले. त्यात ‘काम्पानेला’ची सुंदर उदाहरणे आहेत. काम्पानेला म्हणजे छोटी घंटा. स्वरांची चढती ओळ एकाच तारेवर न वाजवता पुढचा प्रत्येक स्वर दुसऱ्या तारेवर घ्यायचा, शक्य तिथे मोकळ्या तारेवर, म्हणजे आधीचा स्वर मरत नाही आणि स्वर एकमेकांत मिसळत घंटांसारखे घुमतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही, त्यातली घंटा कानावर पडली की पुरे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारचे संगीत टॅब्लेचर सोडून पाच रेघांच्या स्वरलिपीत आले, आणि शतक संपता संपता जोडतारा जाऊन सहा सुट्या तारा आल्या. या बदलाची किंमत होती. टॅब्लेचर ‘कुठे’ सांगते, पाच रेघा ‘काय’ सांगतात. गिटारवर एकच स्वर तीन-चार ठिकाणी मिळतो. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही असतो. नव्या लिपीत कोणता घ्यायचा ते कळेनासे झाले. तारांचे वर्तुळातले आकडे, पडद्यांचे रोमन आकडे, बोटांचे आकडे आणि अक्षरे ही सारी चिन्हे हे हरवलेले ‘कुठे’ परत मिळवण्यासाठी हळूहळू जमा झाली. त्याच्या मोबदल्यात मिळाले ते मोठे होते. पाच रेघांवर काड्या वर-खाली करून वरचा आवाज, खालचा आवाज आणि मधला आवाज वेगळे लिहिता येऊ लागले. फेदेरिको मोरेत्ती यांचे माद्रिदला १७९९ मध्ये निघालेले पुस्तक या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा आहे.

त्यानंतरचे अर्धशतक म्हणजे पद्धतींच्या पुस्तकांचा काळ. व्हिएन्नात १८१२ मध्ये मौरो जुलियानी यांनी आपल्या पहिल्या क्रमांकाच्या रचनासंग्रहात उजव्या हाताचे १२० पलटे दिले. डावा हात दोनच कॉर्डवर स्थिर ठेवून उजव्या हाताची बोटे किती तऱ्हांनी फिरू शकतात याची ती जंत्रीच आहे. पॅरिसमध्ये फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) आणि दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) हे दोन स्पॅनिश मित्र एकाच घरात राहिले, पण आवाजाच्या प्रश्नावर त्यांची मते जुळली नाहीत. सोर नखांशिवाय वाजवत, आग्वादो नखांनी. सोर अनामिका शक्यतो टाळत. त्यांच्या १८३० च्या पद्धतीत गिटारवरून हॉर्न, ओबो, हार्प यांचे आवाज कसे काढावेत याचे बारकाईने विवेचन आहे. तार कुठे छेडावी याविषयीचे पुढचे शब्द त्याच विचाराची वारसदार संतती आहेत: पुलाजवळ ‘सूल पोंतिचेल्लो’, पट्टीवर ‘सूल तास्तो’, आणि त्यांची स्पॅनिश भावंडे ‘मेतालिको’ व ‘दुल्से’. मतभेद असूनही सोर यांनी दोन गिटारांसाठी ‘ले दोझामी’, म्हणजे ‘दोन मित्र’, ही रचना आग्वादो यांना अर्पण केली.

तारेगा (१८५२–१९०९) यांनी स्वतः पद्धतीचे पुस्तक लिहिले नाही. आपोयांदो त्यांच्या शिकवणीतून रुजला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी नखेही सोडली. त्यांचे शिष्य एमिलिओ पुजोल यांनी १९३४ पासून ‘गिटारची तर्कशुद्ध पाठशाळा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे अनेक भागांचे पुस्तक काढले आणि नखाविना वादनाची बाजू शेवटपर्यंत लढवली. जिंकली मात्र दुसरी बाजू. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी मांस आणि नख दोन्ही वापरून काढलेला आवाज जगभरच्या सभागृहांत पोहोचला, १९४० च्या दशकात आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतली, आणि नख घासण्याच्या कागदाचे क्रमांकही शिकवणीच्या बोलीत आले. पुढे उरुग्वेच्या आबेल कार्लेव्हारो यांनी १९७९ च्या पुस्तकात हालचालींचेच पृथक्करण केले. त्यांचा ‘फिहासिओन’ हा शब्द, म्हणजे बोटाचा सांधा क्षणभर स्थिर करून हाताच्या मोठ्या स्नायूंकडून बळ घेणे, आज इतर घराण्यांतही वापरला जातो. विसाव्या शतकात रचनाकारांनी इटालियनची मक्तेदारीही मोडली. बेंजामिन ब्रिटन यांच्या १९६३ च्या ‘नॉक्टर्नल’मध्ये प्रत्येक भागावरची सूचना इंग्रजीत आहे आणि ती लयीपेक्षा मनःस्थिती सांगते: अस्वस्थ, स्वप्नात, हलके झुलत. क्यूबाच्या लिओ ब्राउवर यांनी १९७१ च्या ‘ला एस्पिराल एतेर्ना’मध्ये तर शब्दांऐवजी आकृत्या वापरल्या.

या सगळ्या थरांचा गाळ आजच्या पानावर साचलेला आहे, आणि गोंधळ होतो तो तिथे. ‘सी’ या एका अक्षराचे पाहा. स्वराचे नाव सी. कॉर्डचे नाव सी. ओळीच्या आरंभीचे सी सारखे चिन्ह म्हणजे चार मात्रांचा छंद. ते मुळात अक्षर नाही, मध्ययुगीन लिपीतले तुटके वर्तुळ आहे. पडद्याच्या रोमन आकड्याआधी सी आले तर ते स्पॅनिश ‘सेहा’, म्हणजे बारे. सेहाचा शब्दशः अर्थ भुवई. तेच काही आवृत्त्यांत बी ने दाखवतात. उजव्या हाताच्या अक्षरांत बारीक सी म्हणजे करंगळी. आणि देवनागरीत आणखी एक पेच पडतो: इटालियन-स्पॅनिश सरगमीतला ‘सी’ म्हणजे इंग्रजी नावाचा बी! स्पेनमध्ये शिकून आलेल्या शिक्षकाने ‘सी वाजव’ म्हटले आणि पुण्यातल्या विद्यार्थ्याने इंग्रजी सी वाजवला, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘पी’ची गत याहून थोडी बरी, कारण ‘पियानो’ म्हणजे हळू आवाजात हे सांगणारा ठळक पी ओळीखाली असतो आणि अंगठ्याचा, म्हणजे ‘पुल्गार’चा, बारीक पी स्वराजवळ. तरीही अंगठ्याचे प्रत्येक स्वर दबकत वाजवणारे विद्यार्थी शिक्षकांनी पाहिलेले असतात.

अक्षरे निदान बोलून दाखवता येतात. दोन स्वरांना जोडणारी कमानदार रेघ तेवढीही सोय ठेवत नाही. ती एकाच उंचीच्या दोन स्वरांमध्ये असेल तर ‘टाय’: दुसरा स्वर छेडायचाच नाही, पहिलाच लांबवायचा. वेगळ्या उंचीच्या दोन-तीन स्वरांवर असेल तर गिटारवर तिचा अर्थ ‘लिगादो’: पहिला स्वर उजव्या हाताने, पुढचा डाव्या हाताच्या बोटाने तारेवर ठोकून किंवा तार खेचून सोडून. पुष्कळ स्वरांवर पसरली असेल तर ती वाक्याची खूण. श्वास कुठे घ्यायचा ते सांगते, आणि बोटांचा तिच्याशी संबंध नाही. व्हायोलिन किंवा पियानोच्या पुस्तकातून सिद्धांत शिकलेला विद्यार्थी लिगादोच्या जागी सगळे स्वर उजव्या हाताने छेडत बसतो. ‘पिझ्झिकातो’ची गोष्टही अशीच. व्हायोलिनवर त्याचा अर्थ गज बाजूला ठेवून बोटाने छेडणे. गिटार तर कायम बोटानेच छेडली जाते, तेव्हा तिथे शब्दाने दुसरा अर्थ पांघरला: तळहाताची कड पुलाशी तारांवर टेकवून अंगठ्याने वाजवणे, म्हणजे स्वर दबका आणि तुटक येतो.

मराठी विद्यार्थ्याला या सगळ्यात एक मोठी सोय आहे, आणि तीच सावधगिरीची जागाही. त्याच्याकडे स्वतःची तयार परिभाषा आहे. पडदा, खुंटी, घोडी, तार लावणे, मात्रा, कणस्वर हे शब्द गिटारच्या वर्गात आपसूक येतात आणि येऊ द्यावेत. पेटीवर गाणाऱ्याला आपली पट्टी ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी ठाऊक असते. गिटारच्या सहा मोकळ्या तारा पहिलीपासून सहावीपर्यंत पांढरी तीन, सात, पाच, दोन, सहा, तीन, एवढे सांगितले की ट्यूनरशिवायही तो गिटार पेटीवर लावू शकतो. हार्मोनिक्स समजायलाही आपली भाषा उपयोगी पडते. मोकळ्या तारेला षड्ज मानले तर बाराव्या पडद्यावर, म्हणजे ६५० मिलिमीटरच्या बरोबर मध्यावर, ३२५ ला, बोट हलके टेकवून छेडल्यास तार षड्ज मिळतो. सातव्यावर, तिसऱ्या हिश्श्याला, तार पंचम. पाचव्यावर, चौथ्या हिश्श्याला, अतितार षड्ज. तंबोऱ्यात जे कान देऊन शोधावे लागते ते इथे बोटाखाली सापडते.

पण काही प्रतिशब्द दिशाभूल करतात. ग्लिसांदोला मींड म्हणण्याचा मोह टाळावा. मींडेत स्वर अखंड वाहतो; सतारीवर ती तार आडवी खेचून घेतात. गिटारवर सरकणारे बोट प्रत्येक पडद्याची पायरी ओलांडत जाते आणि त्या पायऱ्या ऐकू येतात. अलेग्रोला द्रुत आणि लार्गोला विलंबित म्हणणेही अर्धेच खरे: अलेग्रोच्या पोटात ‘आनंदी’ आहे, लार्गोच्या पोटात ‘रुंद’, आणि आपल्या विलंबित ख्यालाची संथपणाची मर्यादा युरोपीय संगीताच्या पलीकडची आहे. सर्वांत घातक गफलत ‘रे’ची. स्पॅनिश प्रतींत ‘सहावी रेमध्ये’ अशी सूचना असते, म्हणजे जाड तार ई वरून डी वर उतरवावी. तारेगांच्या ‘काप्रिचो आराबे’त ती आहे. त्यांचा रे अचल आहे, नेहमीच डी. आपला रिषभ मात्र षड्जाबरोबर हलतो. सरगमीत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच महिन्यात सांगून टाकायला हवे.

अचल सरगमीची ओळख या भूमीला अगदीच नवी आहे असेही नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुले सोल्फेज आणि व्हायोलिन शिकत, आणि तिथून पाच रेघांची लिपी वाचता येणारे वादक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला येत राहिले. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी चाली लिपीबद्ध करून वादकांसमोर ठेवल्या. या ज्ञानाची मराठीत नोंद झाली नाही, ते स्टुडिओत आणि घरांत तोंडी राहिले. आज मुंबई, पुणे, गोवा इथे ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षांना गिटार घेऊन बसणाऱ्यांत मराठी माध्यमातली मुलेही आहेत, आणि त्यांच्या हाती पुस्तके येतात ती इंग्रजीच. परीक्षकाने रचनेतल्या चिन्हाचा अर्थ विचारला की ती पाठ केलेला इंग्रजी प्रतिशब्द सांगतात. हात दाखवून अर्थ सांगण्याइतका तो शब्द त्यांचा झालेला नसतो.

लहान गावांतल्या शिकणाऱ्यांची स्थिती आणखी वेगळी. शिक्षक स्क्रीनवर, प्रती इंटरनेटवरून उतरवलेल्या. एक प्रत एकोणिसाव्या शतकातली इटालियन, दुसरी स्पॅनिश, तिसरीत टॅब. तिन्हींत त्याच हार्मोनिकसाठी तीन चिन्हे: कोणी प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर लिहितो, कोणी पडद्यावरचा, कोणी मोकळी तार लिहून वर रोमन आकडा घालतो. त्यातच गिटारचे संगीत लिहिले जाते त्यापेक्षा एक सप्तक खाली ऐकू येते, ही गोष्ट काही प्रती बारीक आठाच्या आकड्याने सांगतात, काही सांगतच नाहीत. जाणता शिक्षक शेजारी असता तर यातले प्रत्येक कोडे एका वाक्यात सुटले असते. ते वाक्य देणे हे या कोशाचे पहिले काम मानले आहे.

म्हणून नोंदींची रचना अशी ठेवली आहे. प्रत्येक शब्दाचा देवनागरी उच्चार मूळ भाषेच्या जवळ जाणारा दिला आहे. जिथे मराठी वर्गांत वेगळा उच्चार रूढ आहे तिथे तोही दिला आहे, कारण ‘बार कॉर्ड लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला ‘बारे’ शोधताना अडायला नको. त्यानंतर मूळ भाषेतला अर्थ, संगीतातला अर्थ आणि शेवटी गिटारवर प्रत्यक्ष काय करायचे याचे वर्णन: कोणते बोट, तारेचा कोणता भाग, आघातानंतर हात कुठे थांबतो. एकाच चिन्हाचे अनेक अर्थ असतील तर ते एकाच नोंदीखाली, ओळखण्याच्या खुणांसह आहेत. मराठी प्रतिशब्द जिथे नेमका बसतो तिथेच दिला आहे. जिथे तो जवळपास पोहोचतो पण बसत नाही तिथे फरक स्पष्ट केला आहे. आणि जिथे नाही तिथे नवा शब्द घडवलेला नाही. ‘काम्पानेला’ला ‘घंटिकावादन’ म्हटल्याने कोणाचाच हात हलणार नाही.

अकारविल्हे मांडणीबरोबर एक दुसरी वाटही ठेवली आहे. नवशिक्याने आधी उजव्या हाताचे शब्द वाचावेत, मग डाव्याचे, मग लयीचे आणि पुनरावृत्तीचे, आणि आवाजाच्या रंगाचे शब्द सर्वांत शेवटी. त्यासाठी नोंदींना क्रमांक जोडले आहेत. फ्लामेंकोची परिभाषा क्लासिकल वादकाला लागते तेवढीच घेतली आहे: रास्गेआदो, पुलाजवळच्या तारांवर अंगठ्याच्या कडेने थाप मारण्याचा ‘तांबोरा’, वाद्याच्या लाकडावर बोट ठोकण्याचा ‘गोल्पे’. इलेक्ट्रिक गिटारचे शब्द आणि जॅझमधली कॉर्डची चिन्हे घेतलेली नाहीत. विसाव्या शतकातल्या आकृत्यांपैकी एकाहून अधिक रचनाकारांनी वापरलेल्या आकृत्या परिशिष्टात आहेत. एखाद्याच रचनेपुरत्या असलेल्या खुणा त्या त्या प्रतीच्या आरंभी रचनाकार स्वतः समजावून देतो, आणि त्या तिथेच वाचाव्यात.